‘फ्रेट ट्रेन’ कुणाची?

लोकगीत कुणा एकाचं नसतं, ते सगळ्यांचं असतं, हे वाक्य आपण इतक्यांदा ऐकलंय की ते खरं आहे का, हे तपासून बघायचं कुणाच्या मनातही येत नाही. ऐकायला ते मोठं उदार वाटतं. पण या उदारपणाची किंमत दर वेळी एकाच बाजूनं मोजलेली असते, आणि ती बाजू गरिबाची असते. मला हे ठासून मांडायचंय, आणि त्यासाठी अमेरिकेतल्या एका गायिकेच्या ध्वनिमुद्रणांकडे जरा नीट बघायला हवं.

१९५७ साली इंग्लंडमध्ये ‘फ्रेट ट्रेन’, म्हणजे मालगाडी, नावाचं गाणं गाजलं. चास मॅकडेव्हिट यांचा स्किफल ग्रुप (गिटार आणि घरगुती वस्तूंवर साधी लोकगीतं वाजवायची तेव्हाची लोकप्रिय पद्धत म्हणजे स्किफल) आणि नॅन्सी व्हिस्की ही गायिका यांनी ते गायलं आणि तिथल्या खपाच्या यादीत ते पाचव्या क्रमांकापर्यंत चढलं. लिव्हरपूलमध्ये जॉन लेनन आणि त्याची शाळकरी मित्रमंडळी तेच गाणं वाजवत. गाण्याचे हक्क पॉल जेम्स आणि फ्रेडरिक विल्यम्स या नावांवर नोंदले गेले होते. त्याच सुमाराला अमेरिकेत, वॉशिंग्टनमध्ये, साठी उलटलेली एक कृष्णवर्णीय बाई दुसऱ्यांच्या घरी स्वयंपाक आणि धुणं-इस्त्री करून पोट भरत होती. ते गाणं त्या बाईंचं होतं. अकरा-बारा वर्षांच्या असताना त्यांनी ते रचलं होतं.

त्यांचं नाव एलिझाबेथ कॉटन. जन्म नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या कारबरोचा, १८९०च्या दशकातला. पाच भावंडांतलं हे शेंडेफळ. घरात सगळे ‘लिटल सिस’ म्हणत, धाकटी बहीण. रीतसर ठेवलेलं नावच नव्हतं. शाळेच्या पहिल्या दिवशी नाव विचारलं गेलं तेव्हा पोरीनं स्वतःच सांगून टाकलं : एलिझाबेथ. स्वतःचं नाव स्वतः ठेवणाऱ्या या मुलीच्या गाण्यावरचं नाव पुढे दुसऱ्यांनी ठेवावं, याचा मला फार राग येतो.

शाळा लवकर सुटली. गोऱ्यांच्या घरी घरकाम सुरू झालं, पगार महिन्याला डॉलरच्या आसपास. त्यातून सीअर्स रोबक कंपनीची एक गिटार घरी आली, किंमत पावणेचार डॉलर. त्याआधी भाऊ कामाला गेला की त्याचा बँजो गुपचूप काढून ती वाजवत असे. मुलगी डावखुरी, आणि शिकवायला कुणी नाही. उजव्या हातानं वाजवणाऱ्यासाठी तारा लावलेली गिटार तिनं उलटी धरली आणि तारा होत्या तशाच ठेवल्या. त्यामुळे खर्जाच्या जाड तारा खाली गेल्या आणि बारीक तारा वर आल्या. बाकीचे वादक अंगठ्यानं खर्ज धरतात आणि बोटांनी चाल वाजवतात. इथे सगळंच उलट झालं : बोटांकडे खर्ज आला आणि अंगठ्याकडे चाल.

याचा ऐकण्यावर काय परिणाम होतो, ते ‘फ्रेट ट्रेन’चं १९५८ सालचं मुद्रण हेडफोन लावून ऐकलं की कळतं. खर्जाचा ठेका आलटून पालटून दोन तारांवर पडत राहतो, एकसारखा, पण कुठेही जड होत नाही, कारण तो बोटांच्या टोकांनी वाजतोय. वरची चाल मात्र अंगठ्याची आहे, त्यामुळे ती भरीव लागते, एकेका सुराला गोलाई येते. गाण्याचे शब्द नसतानाही गिटारच शब्द म्हणते आहे असं वाटतं. आवाज म्हाताऱ्या बाईचा, थोडा कापरा. सूर लांबवायचा मोह कुठेही नाही. गिटारवाल्यांनी या वाजवण्याला पुढे ‘कॉटन पिकिंग’ असं त्यांचंच नाव दिलं. आज बोटांनी गिटार वाजवायला शिकणारा जगातला जवळजवळ प्रत्येक विद्यार्थी कधी ना कधी या गाण्यापाशी येतो.

आता गाण्यात काय आहे ते बघा. मी कुठल्या गाडीनं गेले ते कुणाला सांगू नका, असं गाणारी म्हणते. मेल्यावर मला चेस्टनट स्ट्रीटच्या कडेला खोल पुरा, म्हणजे नऊ नंबरची गाडी जाताना मला ऐकू येईल. गाण्यात रस्त्याचं नाव आहे, गाडीचा नंबर आहे. कारबरोत रुळाशेजारच्या घरात रात्री जाग येणाऱ्या मुलीचं हे गाणं आहे, हे त्याच्या ओळीओळीतून कळतं. इंग्लंडमध्ये गाजलेल्या रूपात मात्र शब्द बदलले आणि तिथे खुनाची, फाशीच्या दोराची गोष्ट आली. चाल ठेवली, रस्ता काढला, बाई काढली. हे सगळं ‘परंपरेत होणारे नैसर्गिक बदल’ या नावाखाली खपून जातं.

मधली जवळजवळ तीन-चार दशकं एलिझाबेथ कॉटन यांनी गिटार फारशी हातात धरलीच नाही. लग्न लहान वयात झालं, मुलगी झाली, आणि चर्चमधल्या कारभाऱ्यांनी बजावलं की ही ऐहिक गाणी सोड, नाहीतर देवाची सेवा जमायची नाही. त्यांनी सोडली. पुढे वॉशिंग्टनला आल्यावर लॅन्सबर्ग नावाच्या मोठ्या दुकानात त्या बाहुल्या विकत असताना एक चुकलेली मुलगी सापडली. त्यांनी तिला आईच्या हवाली केलं. मुलीचं नाव पेगी सीगर, आईचं रूथ क्रॉफर्ड सीगर. आईनं त्यांना घरकामाला ठेवलं.

या योगायोगाचं कौतुक सगळेच करतात. मला मात्र त्यातली दुसरी गोष्ट जास्त बोचते. हे घर म्हणजे साधंसुधं घर नव्हतं. चार्ल्स सीगर संगीतशास्त्रज्ञ. रूथ स्वतः मोठ्या संगीतकार, आणि लोमॅक्स पितापुत्रांनी खेड्यापाड्यांतून मुद्रित करून आणलेली लोकगीतं कान देऊन ऐकून त्यांनी ती स्वरलिपीत उतरवलेली. अमेरिकेतलं लोकसंगीत गोळा करणाऱ्यांमध्ये या कुटुंबाची गणना होते. आणि त्याच घरात भांडी घासणारी, स्वयंपाक करणारी बाई लोकगीतं रचणारी आहे, हे त्यांना कित्येक वर्षं ठाऊक नव्हतं. स्वयंपाकघराच्या भिंतीला टांगलेली गिटार त्या एकदा काढून वाजवत बसल्या आणि पेगीनं ते ऐकलं, तेव्हा कुठे ते कळलं. सीगर मंडळी भली होती. मला त्यांना दोष द्यायचा नाही. पण लोककलावंत दूर डोंगरात, तुरुंगात, कापसाच्या शेतात शोधायचा असतो, आपल्या ओट्यापाशी नाही, अशी समजूत भल्या माणसांच्या मनातही किती खोल असते, ते यातून दिसतं.

पेगी १९५६ साली इंग्लंडला गेली. तिथे तिनं हे गाणं प्रेमानं म्हटलं, शिकवलं. ऐकणाऱ्यांनी ते उचललं. वर्षभरात गाणं आणि ते रचणारी बाई यांची ताटातूट झाली. यात कुणी रात्री घर फोडलं नव्हतं. एक गोरी मुलगी एक जुनं वाटणारं गाणं गाते, ऐकणारा समजतो की हे पारंपरिक आहे, आणि पारंपरिक म्हणजे बेवारस, म्हणून तो त्यावर आपलं नाव टाकतो. तीन पायऱ्यांत सगळा व्यवहार पुरा. पुढे सीगर कुटुंब कॉटन यांच्या पाठीशी उभं राहिलं आणि गाण्याचा हक्क त्यांच्याकडे परत आला. तरीही कित्येक गीतसंग्रहांत जुनीच नावं छापली जात राहिली.

गाणं ज्या गावात जन्मतं तिथे नावाची गरज नसते. कुणाचं गाणं, हे तिथे सगळ्यांना माहीत असतं; विचारलं तर बोट दाखवून घर सांगतील. नाव गळायला लागतं ते गाणं वेशीबाहेर पडलं की. आणि तबकडी काय, टेप काय, मोबाइल काय, गाणं वेशीबाहेर नेणं हेच तर त्यांचं काम. म्हणून माझं म्हणणं असं की, तोंडी परंपरेतल्या गाण्याला नाव नसलं तरी चालतं हे तोंडी परंपरेपुरतंच खरं. ज्या क्षणी तुम्ही यंत्र चालू करता, त्या क्षणी तुम्ही ते गाणं तिऱ्हाइताच्या हाती देत असता, आणि तेव्हापासून नाव सांभाळायची जबाबदारी तुमची. यंत्र चालू करायचं आणि नावाच्या वेळी परंपरेकडे बोट दाखवायचं, हे चालणार नाही.

हे जमतं का? जमतं. पेगीचा भाऊ माइक सीगर यानं १९५७-५८ मध्ये कॉटन यांच्या घरी जाऊन टेपवर त्यांचं गाणं मुद्रित केलं आणि १९५८ साली फोकवेज कंपनीनं त्याचा अल्बम काढला. त्यात ‘विल्सन रॅग’सारखे निव्वळ गिटारचे तुकडे आहेत, चर्चमधली भजनं आहेत, इतरांकडून शिकलेली गाणी आहेत आणि स्वतःची आहेत. तबकडीबरोबर पुस्तिका होती आणि कुठलं गाणं कुठून आलं ते त्यात लिहिलेलं होतं. ‘ओ बेब इट एन्ट नो लाय’ हे गाणं शेजारच्या एका बाईनं आईकडे खोट्या चुगल्या केल्या, त्याचा मार बसला, त्या रागातून आलेलं. पुढे मोठमोठ्या रॉक मंडळींनी ते गायलं. ऐकणाऱ्याला ते प्रेमभंगाचं वाटतं. एका लहान मुलीवर झालेल्या अन्यायाचं ते गाणं आहे, हे कळायला मुद्रणासोबतची माहितीच लागते. नावाबरोबर अर्थही जातो, तो असा.

फोकवेजबद्दल इथे दोन शब्द बोलायला हवेत. मोझेस ॲश यांनी १९४८ साली काढलेली ही कंपनी. काढलेला प्रत्येक अल्बम कायम उपलब्ध ठेवायचा, खप असो वा नसो, हा त्यांचा हट्ट. ते गेल्यावर १९८७ साली दोन हजारांहून जास्त अल्बमांचा हा संग्रह अमेरिकेतली मोठी संग्रहालयं चालवणाऱ्या स्मिथसोनियन संस्थेकडे गेला, तोही याच अटीवर. कलावंतांना भरघोस पैसे देण्याबद्दल ॲश यांची ख्याती नव्हती, हेही खरं. पण नाव, माहिती आणि उपलब्धता या तीन गोष्टी त्यांनी सोडल्या नाहीत, म्हणून आज कॉटन यांचं काम ऐकायला मिळतं आणि वादाच्या वेळी पुरावा म्हणून दाखवताही येतं.

आता विरोधी बाजू. ती कच्ची नाही. लोकसंगीतातला कोणता सूर कुणी पहिल्यांदा लावला हे सांगता येतं का? प्रत्येक जण कुणाकडून तरी घेतो. हडी लेडबेटर, म्हणजे लेड बेली, या कृष्णवर्णीय लोकगायकाचंच बघा. लुईझियानातल्या अँगोला तुरुंगात १९३३ साली जॉन लोमॅक्स आणि त्यांचा मुलगा ॲलन यांनी त्यांना मुद्रित केलं. त्यांचं सगळ्यात गाजलेलं गाणं ‘गुडनाइट आयरीन’. ते आपण काकांकडून शिकलो, असं ते स्वतःच सांगत. अभ्यासकांनी माग काढला तो १८८६ सालच्या गसी डेव्हिस या कृष्णवर्णीय गीतकाराच्या गाण्यापर्यंत जाऊन पोचला. मग गाणं कुणाचं? डेव्हिस यांचं, काकांचं, की लेड बेलींचं?

माझं उत्तर असं : साखळी असेल तर साखळी लिहा. साखळी आहे म्हणून कुणाचंच नाव नको, हे कुठलं तर्कशास्त्र? आणि प्रत्यक्षात ‘कुणाचंच नाव नको’ असं कधी होतच नाही. ‘गुडनाइट आयरीन’वर नावं आहेत. लेडबेटर यांचं आहे आणि सोबत लोमॅक्स यांचंही आहे. मूळ गाणं लिहिणारे डेव्हिस गळाले आणि मुद्रण करणारे गीतकार झाले. अवजड यंत्र गाडीत घालून उन्हातान्हात हिंडणाऱ्या लोमॅक्स यांचं ऋण मी नाकारत नाही. ते तुरुंगात गेले नसते तर तो आवाज जगाला कळला नसता. त्यांचं नाव संग्राहक म्हणून ठळक छापावं. पण गीतकाराच्या रकान्यात ते बसतं कसं? लेड बेलींच्या कार्यक्रमांच्या पैशातलाही मोठा वाटा लोमॅक्स घेत, आणि १९३५ मध्ये काही महिन्यांतच दोघांचं फाटलं. डिसेंबर १९४९ मध्ये लेड बेली वारले. १९५० साली वीव्हर्स या गोऱ्या गायकांच्या चमूनं तेच गाणं गायलं आणि ते १३ आठवडे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर राहिलं.

परंपरा कुणाचीच नसते असं म्हणणाऱ्यांनी एवढंच पाहावं की शेवटी पैसे कुणाच्या खात्यात जमा झाले. गाणं बेवारस फार काळ राहत नाही. वारस लागतोच, फक्त तो वकील परवडणारा असतो.

दुसरा आक्षेप असा की नावं आणि हक्क आणले की गाणी बंदिस्त होतील, कुणी कुणाचं गाणार नाही. नाव लिहिल्यानं कुणाचं गाणं अडतं? ‘फ्रेट ट्रेन’ कॉटन यांच्या नावावर परत आल्यावरही ते जगभर गायलं जातंच आहे. घरात, अंगणात, शिबिरात, शाळेत कुणी गायला कुणी परवानगी मागायला लावत नाही आणि लावूही नये. पैसे मिळत असतील तिथे वाटा द्यायचा, आणि पैसे असोत नसोत, नाव मात्र सांगायचं. यात जाचक काय आहे, हे मला खरोखर समजत नाही. एखाद्या गोऱ्या, शिकलेल्या कवीचं गाणं उचलताना हा आक्षेप कुणी काढत नाही. त्यानं लिहिलं की ती रचना होते. मोलकरणीनं रचलं की ती परंपरा होते. तिची बुद्धी, तिची मेहनत, तिनं उलट्या गिटारवर शोधून काढलेली पद्धत, हे सगळं जणू मातीतून आपोआप उगवलं.

मुद्रणात नाव-गाव असलं की काय होतं, याचं एक उदाहरण मिसिसिपीतलं आहे. जॉन हर्ट या शेतमजुरानं १९२८ साली मेम्फिस आणि न्यूयॉर्कमध्ये ‘ओके’ नावाच्या तबकडी कंपनीसाठी काही गाणी मुद्रित केली. तबकड्या खपल्या नाहीत, पाठोपाठ मंदी आली, आणि ते गावी परतून शेतीत राबू लागले. १९५२ साली फोकवेजच्या एका संकलनात त्यांची दोन जुनी गाणी आली. ऐकणाऱ्यांना वाटलं, हा माणूस केव्हाच गेला असणार. पण त्यांच्या १९२८ सालच्या एका गाण्यात गावाचा उल्लेख होता, ॲव्हलॉन. टॉम हॉस्किन्स नावाच्या तरुणानं जुन्या नकाशात ते गाव शोधलं आणि १९६३ साली तो तिथे जाऊन धडकला. हर्ट तिथेच राहत होते. त्याच वर्षी ते न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात गायले. नोव्हेंबर १९६६ मध्ये ते गेले, पण मधल्या तीन वर्षांत त्यांना श्रोते मिळाले, नवी मुद्रणं झाली. गाण्यातलं गावाचं नाव कुणी ‘पारंपरिक’ म्हणून पुसून टाकलं असतं, तर ते ॲव्हलॉनमध्येच अनाम राहून गेले असते.

पैशाबद्दल बोलायला लोकसंगीतवाले लाजतात, म्हणून ते मी मुद्दाम बोलतो. पहिला अल्बम आल्यावरही एलिझाबेथ कॉटन यांचं घरकाम सुटलं नाही. १९६० पासून त्या माइक सीगरबरोबर कार्यक्रम करू लागल्या, मग महोत्सव, दौरे. बऱ्याच उशिरा, या कमाईतून त्यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूज इथे लेकीनातवंडांसह राहायला घर घेतलं. १९८४ साली राष्ट्रीय वारसा सन्मान मिळाला. ‘लाइव्ह’ या अल्बमसाठी ग्रॅमी मिळालं तेव्हा त्या नव्वदीच्या घरात होत्या. त्या पारितोषिकाचा विभाग होता ‘वांशिक किंवा पारंपरिक लोकसंगीत’. म्हणजे तिथेही तोच शिक्का. १९८७ साली त्या गेल्या. सन्मानांची यादी वाचून डोळे भरून यावेत अशी अपेक्षा असते. माझ्या मनात मात्र हिशेब चालू होतो : १९५७ साली हक्काचे पैसे सुरुवातीपासून मिळाले असते, तर दुसऱ्यांच्या घरची किती वर्षं वाचली असती? त्या वर्षांत किती गाणी झाली असती?

कारण गाणी होत होती. १९६७च्या दुसऱ्या अल्बममधलं ‘शेक शुगरी’ ऐका. घरातलं एकेक सामान गहाण पडत जातं, त्याचं हे गाणं. कॉटन यांनी ते आपल्या पणतवंडांना सोबत घेऊन रचलं, पोरांनी त्यात कडवी घातली. मुद्रणात ते गातेय बारा वर्षांची पणती ब्रेंडा इव्हान्स, आणि गिटारवर पणजी आहे. बाळबोध, सरळ आवाज, आणि खाली तोच हलका खर्ज. परंपरा बनते कशी, ते इथे आपल्या कानांसमोर घडतं. आणि गंमत अशी की इथे कुणीही अनाम नाही. पणजीचं नाव आहे, पणतीचं नाव आहे. नावं लिहिल्यामुळे ते कमी लोकगीत झालं का?

हा सगळा अमेरिकेतला प्रश्न म्हणून आपल्याला सोडून देता येत नाही. आपल्याकडे ‘आमच्या परंपरेत नावाचा सोस नव्हता’ असं अभिमानानं सांगितलं जातं, आणि ते साफ चुकीचं आहे. अभंगाच्या शेवटी ‘तुका म्हणे’ येतं, ‘नामा म्हणे’ येतं. लावणीत होनाजी, राम जोशी, पठ्ठे बापूराव आपली नाममुद्रा ठेवून जातात. वामनदादा कर्डक यांच्या गीतांत ‘वामन’ येतो. तोंडी फिरणाऱ्या रचनेचं नाव गळतं हे या मंडळींना पक्कं ठाऊक होतं, म्हणून त्यांनी ते शेवटच्या ओळीत यमकासकट असं बसवलं की काढायला गेलं तर कडवंच मोडावं. ज्यांच्याकडे ही सोय नव्हती त्यांचं नाव गेलं. दळता दळता ओवी जोडणाऱ्या बाईला कुणी नाममुद्रा विचारली नाही. तिची ओवी ‘बायका म्हणतात’ या नावावर जमा झाली.

हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी हे वेगळ्या रीतीनं केलं. पुणे जिल्ह्यातल्या डोंगरी भागापासून सुरुवात करून त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यातल्या बऱ्याच मुद्रितही झाल्या. पुढे ग्रामीण भारताच्या जगण्याची नोंद ठेवणाऱ्या ‘पारी’ या संकेतस्थळानं त्या लोकांसमोर ठेवल्या. तिथे ओवीसोबत गाणाऱ्या बाईचं नाव आहे, गाव आहे, तालुका आहे. काही जणींचे फोटो आहेत. त्यातली बरीचशी ओवी आईकडून, आजीकडून आलेली. ती बाई तिची पहिली कर्ती असेलच असं नाही. पण तिच्या गळ्यातून ती त्या दिवशी अशी आली, एवढी नोंद पक्की आहे. लाखभर ओव्यांच्या बाबतीत जर हे करता येतं, तर चार गाण्यांचा व्हिडिओ टाकणाऱ्याला का येऊ नये?

कायदाही आता बऱ्यापैकी स्पष्ट आहे. भारताच्या स्वामित्व हक्क कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली आणि गाणाऱ्याला, वाजवणाऱ्याला, सादर करणाऱ्याला आपलं नाव सांगितलं जाण्याचा नैतिक हक्क मिळाला. हक्क विकले तरी हा हक्क त्याच्याकडेच राहतो. अगदीच शक्य नसेल तिथे नाव न देण्याची सूट आहे, पण ती अपवाद म्हणून. कायद्यानं ‘सादरकर्ता’ कुणाला म्हटलंय तेही वाचण्यासारखं आहे : त्यात नट, गायक, नर्तक आहेत, तसे डोंबारी आहेत आणि गारुडीही आहेत. म्हणजे रस्त्यावर पुंगी वाजवणाऱ्याला कायदा कलावंत मानतो. यूट्यूबवर भारुडाचा, गोंधळाचा, वासुदेवाचा व्हिडिओ टाकून खाली ‘गीत-संगीत : पारंपरिक’ असं लिहिणारा मात्र मानत नाही. चॅनेलचं नाव ठळक असतं, संगीत संयोजकाचं असतं, कॅमेरामनचं असतं. ज्या म्हाताऱ्यानं गाणं दिलं, तो व्हिडिओत दिसतो आणि यादीत नसतो.

‘आम्हाला खरंच ठाऊक नाही कुणाचं आहे’ असं उत्तर येतं. असू शकतं. मग ज्याच्याकडून ऐकलं त्याचं नाव लिहा, गाव लिहा, वर्ष लिहा, आणि त्यानं कुणाकडून घेतलं ते त्याला विचारून तेही लिहा. लोककलेवर प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांकडून विद्यापीठांनी ही माहिती सक्तीनं मागावी. ती नसेल तर मुद्रण ग्राह्य धरू नये. सरकारी पैशातून होणाऱ्या लोकगीत संकलनात गाणाऱ्याचं मानधन आणि नाव करारात आधी यावं, संपादकाचं नंतर. आणि ऑनलाइन संगीतसेवांनी गीतकाराच्या रकान्यात ‘पारंपरिक’ असं भरून घेण्याआधी ‘कुणाकडून मिळालं’ हा एक रकाना सक्तीचा करावा. मुद्रणाची एक प्रत गाणाऱ्याच्या घरी पोचली पाहिजे, हेही त्याच अर्जात लिहून घ्यावं, म्हणजे त्या घरातल्या पोरांना उद्या कुणी विचारलं तर दाखवायला काहीतरी हाताशी असेल.